अँटवर्प ते जिब्राल्टर, १९४१: एका बॉम्बर गनरच्या सुटकेचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. माणसाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, त्याला सगळीकडे नुसतं गनर म्हणतोय, त्याच्या विमानातल्या बाकी पाच जणांची नावंही नाहीत आणि ज्या घरांमध्ये तो लपला त्यांचीही नाहीत. नावं आहेत ती फक्त ज्यांच्यावर आधीच भरपूर लिहिलं गेलंय त्यांची.

अशा गोष्टी वाचताना आपलं सगळं लक्ष पळणाऱ्याकडे असतं. तो किती धाडसी, किती हुशार, कसा निसटला वगैरे. मी या प्रकरणाकडे जितकं बघतो तितकं मला पटत जातं की विमान जळाल्यानंतरचे जवळपास सगळे मोठे निर्णय त्याने घेतलेलेच नाहीत. ते दुसऱ्यांनी घेतले, आणि चुकले असते तर किंमतही त्या दुसऱ्यांनीच मोजली असती (बऱ्याच जणांनी नंतर मोजलीच). म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर निर्णय कोणाच्या हातात होता आणि पकडलं गेलं तर कोणाचं काय जाणार होतं, हे दोन्ही बघत जाऊ.

पार्श्वभूमी

१९४१ चा उन्हाळा. फ्रान्स पडून वर्ष झालेलं, रशियावर हल्ला होऊन दीड महिना. ब्रिटनकडे जर्मनीवर थेट मारा करायचं साधन एकच, ते म्हणजे रात्री जाणारी बॉम्बर विमानं. गनर होता रॉयल एअर फोर्सच्या १२ नंबर स्क्वॉड्रनमध्ये, तळ लिंकनशायरमधला बिनब्रुक, विमान वेलिंग्टन. दोन इंजिनं, सहा माणसं, हा बसायचा नाकात पुढच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या घुमटात. वय जेमतेम एकवीस, लग्न होऊन काहीच महिने झालेले.

त्या काळातल्या या मोहिमांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. याच ऑगस्टच्या १८ तारखेला बट रिपोर्ट आला. त्यात फोटो तपासून काढलेला निष्कर्ष असा होता की टार्गेटवर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्या विमानांपैकी साधारण तीनातलं एकच टार्गेटच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. म्हणजे पोरं जीव धोक्यात घालून जात होती आणि बहुतेक बॉम्ब शेतात पडत होते. संपूर्ण युद्धात बॉम्बर कमांडच्या सव्वा लाखाच्या आसपास एअरक्रूपैकी ५५,५७३ मेले. अशा हिशोबात एक प्रशिक्षित माणूस जिवंत परत येणं ही किती मोठी गोष्ट होती ते लक्षात घ्या, कारण पुढे लंडनने कोणाला प्राधान्य दिलं ते त्यावरूनच ठरलं.

शत्रूच्या मुलखात पडलेल्या माणसांना परत आणण्यासाठी लंडनमध्ये डिसेंबर १९३९ पासून एमआय ९ नावाचा विभाग होता. उड्डाणाच्या आधी लेक्चर्स व्हायची. पॅराशूट पुरा, विमानापासून लांब जा, दिवसा लपा, एकटं घर बघून मगच दार वाजवा. सोबत रेशमी कापडावर छापलेला नकाशा, बटणात बसवलेला होकायंत्र, थोडे परदेशी पैसे, हॉर्लिक्सच्या गोळ्या. यापलीकडे त्या माणसाकडे काही नाही. ना भाषा, ना कागद, ना ओळख.

५-६ ऑगस्टची रात्र: हवेतला निर्णय

त्या रात्रीचं टार्गेट होतं आखेन, जर्मनी-बेल्जियम सीमेवरचं शहर. विमानाला फ्लॅक, म्हणजे जमिनीवरून विमानविरोधी तोफांचा मारा लागला, एका इंजिनाला आग लागली, उंची कमी होत गेली, आणि परतीच्या वाटेवर बेल्जियमच्या वर असताना हे स्पष्ट झालं की घर गाठता येणार नाही.

पायलटपुढे तीन रस्ते होते. एक, सगळ्यांनी पॅराशूटने उड्या मारायच्या. यात विमान आपोआप नष्ट होतं, पण सहा माणसं अंधारात कित्येक किलोमीटरवर विखुरतात, कोणी झाडात अडकतो, कोणाचा पाय मोडतो. दोन, तसंच रेटत समुद्रापर्यंत जायचं आणि पाण्यात उतरवायचं. जळतं इंजिन आणि उत्तर समुद्र, यात वाचण्याची शक्यता फार कमी. तीन, कुठेतरी जमिनीवर उतरवायचं.

त्याने तिसरा निवडला आणि उतरवलं ते थेट अँटवर्पजवळच्या ड्यूर्न विमानतळावर, जो त्या वेळी जर्मनांच्या ताब्यात होता! वाचायला हे वेडेपणाचं वाटतं. पण विचार करून बघा, रात्रीची वेळ, जळतं विमान हातात, खाली सपाट आणि मोकळी जागा एवढीच. आणि शत्रूच्या धावपट्टीवर शत्रूचं विमान उतरेल अशी अपेक्षा तिथल्या पहारेकऱ्यांनाही नसणार, त्यामुळे सुरुवातीची थोडी मिनिटं हाताशी राहिली. सहाच्या सहा जण धड बाहेर आले. माझ्या मते या पूर्ण प्रकरणातला हा पहिला मोठा निर्णय जो शंभर टक्के क्रूचा स्वतःचा होता, आणि तो बरोबर ठरला.

जमिनीवर: जाळायचं की पळायचं

उतरल्यावर लगेच दुसरा प्रश्न. नियम असा की विमान शत्रूच्या हाती धडधाकट पडू द्यायचं नाही. पण जाळलं की सगळा परिसर उजळणार, आपण इथे आहोत हे मैलभरातून दिसणार. त्यांनी जाळलं. कुंपण ओलांडून अंधारात शिरले.

मग तिसरा, सहा जणांनी एकत्र राहायचं का? त्यांनी तीन-तीनचे दोन गट केले. हे मला अर्धवट वाटतं, त्याबद्दल शेवटी बोलू.

आणि चौथा निर्णय, जो ऐकायला सगळ्यात साधा वाटतो पण ज्याचे परिणाम सगळ्यात लांबचे, तो म्हणजे युनिफॉर्म उतरवायचा की नाही. युनिफॉर्ममध्ये पकडलं गेलास तर १९२९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैदी, छावणीत जाशील, रेड क्रॉसचं पार्सल मिळेल, युद्ध संपल्यावर घरी. साध्या कपड्यांत पकडलं गेलास तर आधी हे सिद्ध कर की तू सैनिक आहेस आणि हेर नाहीस, आणि ते सिद्ध करायचं गेस्टापोसमोर, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांसमोर. गळ्यातली ओळखपट्टी हाच काय तो पुरावा, म्हणून कपडे बदलले तरी ती काढायची नाही असं शिकवलेलं असायचं.

पण हा फक्त त्याचा हिशोब झाला. जो माणूस त्याला कपडे देतो त्याचा हिशोब काय? २२ सप्टेंबर १९४१ ला पॅरिसमधून जर्मन लष्करी प्रमुख स्ट्युल्पनागेलची नोटीस निघाली, खाली पडलेल्या एअरमनला मदत करणाऱ्या पुरुषाला ताबडतोब गोळ्या घालणार, बाईला जर्मनीतल्या छळछावणीत पाठवणार, आणि जो पकडून देईल त्याला दहा हजार फ्रँकपर्यंत बक्षीस. म्हणजे पकडलं गेल्यावर गनरच्या वाट्याला बहुधा कैद, आणि त्याला जेवायला वाढणाऱ्या बाईच्या वाट्याला छावणी. ही तफावत मनात पक्की धरून पुढचं वाचा.

लपण्याचे महिने

इथून पुढे कथा हळू होते, आणि लिहिणारे बहुतेक वेळा हा भाग दोन ओळींत गुंडाळतात. ऑगस्ट ते डिसेंबर, म्हणजे जवळजवळ चार महिने, गनर बेल्जियममध्येच होता. घरं बदलत, ब्रुसेल्स, लिएज, परत दुसरीकडे. कुठेही जास्त दिवस नाही, कारण शेजाऱ्याला दिसतं की या घरात पाव जास्त लागतोय. सगळं रेशनवर होतं, त्यामुळे एक जास्तीचं तोंड म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या ताटातलं कमी होणं.

मदत करणाऱ्यांपुढे या काळात रोजचा प्रश्न एकच, हा माणूस खरा आहे का? जर्मन स्वतःची माणसं ब्रिटिश एअरमन म्हणून घुसवत होते. ही भीती काल्पनिक नव्हती. नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रुसेल्सच्या मारेशाल कुटुंबाच्या घरी दोन अमेरिकन एअरमन म्हणून आणले गेले, ते निघाले जर्मन एजंट, आणि त्या एका घटनेतून शंभरावर लोक पकडले गेले. उलट बाजूनेही तेच, प्रॉस्पर देझिटर नावाचा बेल्जियन माणूस मदत करतो असं भासवून एअरमनना थेट जर्मनांच्या हाती द्यायचा, युद्धानंतर त्याला गोळ्या घातल्या. म्हणून नवीन आलेल्या माणसाला बारीक प्रश्न विचारायचे. तळ कुठला, विमान कुठलं, बाकीचे कोण, इंग्लंडमधलं अमुक काय. उत्तर गडबडलं तर त्या माणसाचं पुढे काय करायचं हा प्रश्न त्या साध्या घरगुती माणसांपुढे उभा राहायचा, आणि त्याचं सोपं उत्तर नव्हतं.

गनरने या काळात काय करायचं होतं? जवळपास काहीच नाही. खिडकीजवळ उभं राहायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही, पत्ते लिहून ठेवायचे नाहीत, डायरी नाही, बायकोला पत्र नाही. तिकडे इंग्लंडमध्ये बायकोला तो बेपत्ता आहे एवढंच कळलेलं. एकवीस वर्षांचा, गन चालवायला शिकवलेला पोरगा, त्याला सांगितलंय की बस आणि गप्प राहा. मला हे धाडसापेक्षा कठीण वाटतं. स्वतःच्या बळावर काहीतरी करायला निघालेले अनेक जण या टप्प्यावर पकडले गेले, त्याच्याच विमानातल्या बाकीच्यांपैकी कोणीही शेवटपर्यंत निसटू शकला नाही.

दिसण्या-वागण्याचाही मोठा भाग होता. ब्रिटिश माणूस रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघतो, कारण त्याच्याकडे गाड्या डावीकडून चालतात. बेल्जियममध्ये उलट. आपण भारतीय तिथे गेलो तर हीच चूक करू. फ्लाइंग बूट तर लांबूनच ओळखू यायचे, वरचा भाग कापून साधा बूट करता येईल असे एस्केप बूट बरेच नंतर आले. ओळखपत्रावर लावायला फोटो लागायचा, तोही इथेच काढावा लागायचा. भाषा येत नसली तर मुका-बहिरा असल्याचं सोंग हा नेहमीचा उपाय.

इथे एक गोष्ट आठवते जी आपल्याशी जोडलेली आहे. मे १९४४ मध्ये फ्रान्समधल्या एपिनाल इथल्या छावणीवर अमेरिकन विमानांचे बॉम्ब पडले, भिंती कोसळल्या, आणि तिथे ठेवलेले हिंदुस्थानी युद्धकैदी बाहेर पडले. सुमारे पाचशे जण चालत स्वित्झर्लंडला पोचले. ना भाषा, ना गर्दीत मिसळून जाईल असा चेहरा. गनर निदान गोरा होता, ट्रेनमध्ये पेपर तोंडासमोर धरून बसता येत होतं. या आपल्या लोकांना तीही सोय नव्हती, आणि तरी वाटेवरच्या फ्रेंच गावांनी त्यांना खाऊ घातलं, रस्ता दाखवला. त्याबद्दल मराठीत जवळपास काहीच वाचायला मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

बिल्बाओचा अडथळा

चार महिने का लागले, याचं खरं उत्तर बेल्जियममध्ये नाही, स्पेनमध्ये आहे.

गनर लपत होता त्याच ऑगस्टमध्ये एक चोवीस वर्षांची बेल्जियन मुलगी उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओ शहरातल्या ब्रिटिश कॉन्सुलेटच्या दारात उभी राहिली. सोबत एक स्कॉटिश सैनिक आणि दोन बेल्जियन. आंद्रे द याँग, सगळे तिला देदे म्हणायचे. ब्रुसेल्सच्या स्खारबेक भागातली, बाप शाळेचा हेडमास्तर, ती स्वतः चित्रकाम करायची आणि रेड क्रॉसमध्ये नर्सचं काम. तिची आदर्श होती एडिथ कॅव्हेल, पहिल्या महायुद्धात सैनिकांना पळून जायला मदत केली म्हणून १९१५ मध्ये जर्मनांनी ब्रुसेल्सला गोळ्या घातलेली इंग्लिश नर्स.

तिचं म्हणणं सरळ होतं. मी या तिघांना ब्रुसेल्सहून इथपर्यंत आणलंय, अजून आणीन, मला फक्त वाटाड्यांचे आणि प्रवासाचे पैसे द्या. कॉन्सुलला पटेना की एवढीशी मुलगी फ्रान्स-स्पेनमधले पिरेनीज डोंगर ओलांडून आलीय. लंडनमध्ये तर वरिष्ठ पातळीवर संशय होता की ही गेस्टापोनेच पेरलेली असणार.

लंडनपुढचे पर्याय बघा. नाही म्हटलं आणि ती खरी असली, तर बेल्जियममध्ये अडकलेली माणसं तशीच अडकून राहणार. हो म्हटलं आणि ती खोटी असली, तर स्पेनमधला पूर्ण कारभार उघडा पडणार. मधला मार्ग म्हणजे थोडं थांबून तपासायचं. त्यांनी काही आठवडे घेतले आणि मग हो म्हटलं. एमआय ९ ने तिला पोस्टमन असं सांकेतिक नाव दिलं. एक अपेक्षा मात्र स्पष्ट ठेवली, सैनिकांपेक्षा एअरमन आणा, कारण त्यांना तयार करायला वर्ष-वर्ष लागतं.

तिनेही अट घातली. पैसे आम्ही कर्ज म्हणून घेऊ आणि लाइन (माणसं लपवत-लपवत पुढे नेणारी साखळी) आमचीच राहील, चालवणार बेल्जियन लोक, लंडनचा माणूस वर बसणार नाही. या निर्णयाबद्दल तिला मानलं पाहिजे. लंडनहून वायरलेस आणि हुकूम घेतले असते तर पैसा जास्त मिळाला असता, पण एक वायरलेस पकडला गेला की सगळी साखळी उघडी पडते. ही लाइन पुढे कॉमेट म्हणून ओळखली गेली. आमचा गनर त्या लाइनने घरी पोचलेला पहिला ब्रिटिश एअरमन.

प्रवास

डिसेंबरमध्ये त्याचा नंबर लागला. त्याच्यासोबत इतर एअरमन होते आणि देदे स्वतः. ब्रुसेल्सहून फ्रान्सच्या हद्दीत, तिथून पॅरिस, पॅरिसहून रात्रीच्या ट्रेनने एकदम खाली स्पेनच्या सीमेजवळच्या बास्क मुलखात, बायॉन आणि सेंट-जाँ-द-ल्यूझच्या बाजूला.

पद्धत अशी की बरोबर नेणारी व्यक्ती पुढे चालते, माणसं मागून अंतर ठेवून येतात, एकमेकांशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं पण बघतोय असं दिसू द्यायचं नाही. कोणी पकडला गेला तर बाकीच्यांनी न थांबता पुढे जायचं. हे सगळे नियम तिचे. गनरने ते पाळले, आणि पुढे तो जिवंत राहण्यामागे मला हेच सगळ्यात मोठं कारण दिसतं.

दक्षिणेच्या टोकाला अँग्लेमध्ये द ग्रीफ कुटुंब होतं. घरातल्या बाईला सगळे तांत गो म्हणायचे, या भागातली सगळी व्यवस्था तिची, सायकली, खाणं, लपायच्या जागा, काळ्या बाजाराशी ओळखी. तिचा नवरा जर्मन कार्यालयात दुभाष्या होता आणि तिथूनच कोरे फॉर्म आणि शिक्के मिळवायचा. किनारपट्टीच्या बंदी असलेल्या भागात फिरायला खास परवाना लागायचा, तो या घरातून तयार व्हायचा.

नदी

शेवटचा टप्पा पिरेनीज. रात्रभर चालणं, पायात दोरीच्या तळव्याचे कापडी बूट कारण कातडी बूट दगडावर आवाज करतात आणि घसरतात, हातात काठी, पुढे बास्क स्मगलर वाटाड्या. हे वाटाडे पैशासाठी काम करायचे आणि त्यात काही वाईट नाही, डोंगर त्यांना पाठ होता. चार महिने खोलीत बसून पायातली ताकद गेलेल्या माणसांना हे चालणं फार जड जायचं.

आणि शेवटी सीमेवरची बिदासोआ नदी. एरवी कंबरेइतक्या पाण्यातून हात धरून पार करायची, पलीकडे रेल्वेरूळ, रस्ता, स्पॅनिश पहारा, आणि मग परत चढ. डिसेंबरात मात्र नदी फुगलेली असते. तेव्हा पर्याय तीन. तरी उतरायचं. किंवा मागे फिरून फ्रान्सच्या बाजूच्या शेतघरात थांबायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची. किंवा वरच्या बाजूला चालत जाऊन पुलाने ओलांडायचं, त्यात पाचेक तास जास्त जातात आणि पूल म्हणजे उघड्यावर येणं.

यातला एकही चांगला नाही, आणि पुढच्या दोन वर्षांत तिन्हींमधले दोन कसे उलटू शकतात ते दिसलं. जानेवारी १९४३ मध्ये नदीला पाणी होतं म्हणून देदे तीन एअरमनना घेऊन उर्यून्य गावच्या शेतघरात थांबली. १५ तारखेला तिथेच धाड पडली, एका माणसाने खबर दिली होती. ती, ते तिघे, घराची मालकीण फ्रांत्शा उसांदिसागा, सगळे पकडले गेले. फ्रांत्शा रावेन्सब्रुक छावणीत मेली. आणि डिसेंबर १९४३ मध्ये एक तुकडी चढलेल्या पाण्यात उतरली, तेव्हा एक अमेरिकन एअरमन आणि लाइनचा प्रमुख काउंट आंत्वान दुर्सेल दोघेही वाहून गेले.

गनरच्या तुकडीचं नशीब की ते पार पडले. त्या डिसेंबरातही नदीने त्यांना त्रास दिलाच, पण कोणी गमावला नाही. नदी पार झाली म्हणजे सुटलो असंही नव्हतं. हुकूमशहा फ्रँकोचा स्पेन नावापुरता तटस्थ. पोलिसांनी धरलं तर मिरांदा द एब्रोच्या छावणीत टाकायचे. म्हणून पहिलं लक्ष्य ब्रिटिश कॉन्सुलेट, तिथून एम्बसीच्या गाडीने माद्रिद, माद्रिदहून ब्रिटिशांच्या ताब्यातलं जिब्राल्टर.

परिणाम

जानेवारी १९४२ मध्ये गनर ब्रिटनमध्ये परतला. विमान खाली येऊन पाच महिने झाले होते. सहातला तो एकटाच. बाकीचे युद्धकैदी झाले. पायलट पुढे मार्च १९४४ मध्ये स्टालाग लुफ्ट ३ या जर्मन युद्धकैदी छावणीच्या भुयारातून बाहेर पडलेल्या ७६ जणांमध्ये होता, पकडला गेला, पण ज्या ५० जणांना गेस्टापोने मारलं त्यांत त्याचं नाव नव्हतं.

परत आलेल्या माणसाची एमआय ९ मध्ये चौकशी व्हायची, सगळा तपशील लिहून घ्यायचे, आणि मग सांगायचे की कोणाशी बोलायचं नाही. घरच्यांशीसुद्धा. असे लोक साधारणपणे त्याच मुलखावर परत पाठवले जायचे नाहीत, कारण पुन्हा खाली पडला आणि छळ झाला तर डोक्यात पूर्ण साखळीचे पत्ते आहेत.

लाइनचं पुढे काय झालं तेही परिणामातच धरलं पाहिजे. देदेने स्वतः ११८ जणांना नेलं. पकडल्यावर तिने सांगितलं की लाइनची प्रमुख मीच, बापाला वाचवायला, आणि जर्मनांचा विश्वास बसला नाही. ती रावेन्सब्रुक आणि माउटहाउझेनमधून जिवंत बाहेर आली, नंतर आफ्रिकेत कुष्ठरोग्यांची नर्स म्हणून काम केलं, २००७ मध्ये वारली. बाप फ्रेडरिक द याँगला २८ मार्च १९४४ ला पॅरिसजवळ मों-वालेरियेनला गोळ्या घातल्या. लाइनच्या कामात जीव गेलेल्यांची संख्या दीडशेच्या आसपास सांगतात.

काय वेगळं करता आलं असतं

क्रूबद्दल आधी. तीन-तीनचे गट हा मला चुकीचा आकडा वाटतो. सहा जण एकत्र राहणं अशक्य हे त्यांना कळलं, पण तीन अनोळखी तरुण एकत्र दिसले तरी नजर जातेच आणि तिघांना लपवेल असं घर मिळणं अवघड. दोन-दोन केले असते तर कदाचित अजून एखादा निसटला असता. खात्रीने नाही सांगता येणार, कारण ज्या दारावर थाप पडते ते दार कोणाचं आहे यावर सगळं ठरतं.

तयारीबद्दल जास्त राग येतो. नकाशा आणि होकायंत्र दिलं, म्हणजे विचार असा की माणूस एकटा चालत निघेल. बेल्जियम ते स्पेन हजार किलोमीटर, कोण चालणार? खरी गरज होती साध्या कपड्यातल्या फोटोची आणि साध्या दिसणाऱ्या बुटांची, कारण तो ट्रेनने जाणार होता आणि कोणाच्या तरी मागून जाणार होता. हे पुढे सुधारलं, फोटो सोबत द्यायला लागले, बूट बदलले. पण ते सुधारेपर्यंत प्रत्येक फोटो कोणीतरी बेल्जियन माणसाने जोखीम घेऊन काढला.

बिल्बाओच्या उशिराबद्दल मी बराच विचार केला. सोपं आहे म्हणणं की लगेच हो म्हणायला पाहिजे होतं. पण त्याच वर्षी फ्रान्समधल्या दुसऱ्या लाइनमध्ये हॅरॉल्ड कोल नावाच्या ब्रिटिश माणसाने कित्येक मदतनीसांना जर्मनांना विकलं, म्हणजे संशय घेणं हा मूर्खपणा नव्हता. मला आक्षेप आहे तो संशयाच्या कारणाला. तिच्याबरोबर एक स्कॉटिश सैनिक जिवंत उभा होता, त्याची खातरजमा एका तारेने होत होती. तरी प्रश्न फिरत राहिला तो ती मुलगी एवढी तरुण कशी, यावर. तपास पुराव्याचा व्हायला हवा होता, वयाचा नाही. त्या आठवड्यांत ब्रुसेल्समध्ये घरं भरलेली राहिली आणि प्रत्येक जास्तीच्या रात्रीची जोखीम त्या घरांनी उचलली.

नदीच्या बाबतीत एक शहाणपण नंतर मिळालं असं म्हणता येतं का? नाही म्हणता येत. पाणी चढलेलं असताना शेतघर धोक्याचं, उतरणं धोक्याचं, पूल दमवणारा आणि उघडा. मी असतो तर पूल निवडला असता असं आज लिहायला सोपं आहे, पण १९४३ च्या त्या रात्री पावसात अजून पाच तास चालायला लावणं म्हणजे एखाद्याला डोंगरातच सोडून द्यावं लागणं. एक गोष्ट मात्र करता आली असती: सीमेजवळ एकाच शेतघरावर एवढं अवलंबून न राहता दोन-तीन पर्यायी घरं ठेवणं. ओळखीचं आणि विश्वासाचं घर परत परत वापरलं जातं, आणि जितकं वापरलं तितके त्याबद्दल माहिती असणारे लोक वाढतात.

आणि पकडल्या गेलेल्या एअरमनचं काय? १९४३ च्या त्या तिघांपैकी एकाने चौकशीत घरांची माहिती दिली, त्यातून पुढच्या अटका झाल्या. त्याला दोष देणं मला जमत नाही, त्याच्याशी काय केलं गेलं ते आपण सोसलेलं नाही. पण त्याला इतकी माहिती असायलाच नको होती. डोळ्यावर पट्टी बांधून नेता येत नाही हे खरं, तरी घर-घर बदलताना मधे एखादा असा टप्पा ठेवायचा की एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाचा पत्ता कळणार नाही, हे पुढच्या प्रमुखांनी केलं. आधी केलं असतं तर नुकसान कमी झालं असतं.

युद्धानंतर १९४६ मध्ये परत आलेल्या एअरमननी रॉयल एअर फोर्सेस एस्केपिंग सोसायटी काढली. काम एकच, ज्यांनी लपवलं त्यांना शोधायचं, त्यांच्या विधवांना आणि मुलांना पैशाची, औषधाची, शिक्षणाची मदत करायची. ती १९९५ पर्यंत चालू होती.